खून दुसऱ्याच अंकात होतो

सारा सिडन्स ही अठराव्या शतकातल्या इंग्रजी रंगभूमीवरची फार मोठी नटी. जेमतेम विशीत असताना तिच्या वाट्याला पहिल्यांदा लेडी मॅकबेथची भूमिका आली. घरची कामं आटोपायची, सगळे झोपले की नक्कल पाठ करायला बसायचं, अशी तिची सवय होती. भूमिका लहान, एका रात्रीत होऊन जाईल, अशा हिशेबानं प्रयोगाच्या आदल्या रात्री ती बसली. खुनाच्या प्रवेशापर्यंत सगळं ठीक चाललं. तिथे मात्र तिची अशी गाळण उडाली की पुढे वाचवेना. मेणबत्ती उचलून ती जिना चढू लागली, तर अंगावरच्या रेशमी झग्याची सळसळ तिला कुणी मागून येत असल्यासारखी ऐकू आली. वर खोलीत नवरा गाढ झोपलेला. मेणबत्ती विझवण्याचंही त्राण उरलं नव्हतं. कपडेही न बदलता तिनं पलंगावर अंग टाकलं. पहाटे उठून पुन्हा पाठांतराला लागली, पण रात्रीच्या प्रयोगात तिची जी फजिती व्हायची ती झालीच. ही हकिगत तिनं स्वतःच लिहून ठेवली आहे.

गंमत अशी, की ज्या प्रवेशानं तिला पळवलं त्यात खून दिसत नाही. डंकन राजा आतल्या दालनात मरतो. समोर असतात एक नवरा, एक बायको, रक्तानं माखलेले हात आणि चुकून बाहेर आणलेले खंजीर. दोघं तुटक, अर्ध्यामुर्ध्या वाक्यांत कुजबुजतात. आवाज ऐकलास का? कधी? आत्ता? मधेच त्याला सांगायचं असतं, की शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपेतून उठून प्रार्थना म्हणत होतं आणि आपल्या तोंडून ‘आमेन’ बाहेर पडला नाही. राजाला मारून आलेला सेनापती त्या क्षणी याच एका गोष्टीपाशी अडून बसतो. ती म्हणते, इतका खोल विचार करू नकोस. करायचा नसतो हे त्यालाही कळतं, पण त्याला ते जमत नाही. नाटक तिथून खऱ्या अर्थानं सुरू होतं.

‘मॅकबेथ’ का वाचावं, याचं परीक्षेच्या गाइडांत एक ठरलेलं उत्तर असतं: अतिमहत्त्वाकांक्षेचा शेवट वाईट होतो हे समजण्यासाठी. एवढ्यासाठी चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीशी झटापट कशाला करायची? घरी आलेल्या पाहुण्याला झोपेत मारू नये, हे कुणाला नाटकातून शिकावं लागत नाही. मॅकबेथला तर मुळीच नाही. पहिल्या अंकाच्या शेवटच्या प्रवेशात तो एकटा उभा राहून खुनाविरुद्धची सगळी कारणं स्वतःच मांडतो. डंकन आपला आप्त, आपला राजा, आज रात्री आपल्या छपराखालचा पाहुणा. त्याच्यासाठी दाराशी पहारा द्यायचा, की आपणच सुरा उपसायचा? शिवाय माणूस भला, सत्ता हाती असून कधी न माजलेला. दुसऱ्या पारड्यात टाकायला त्याला महत्त्वाकांक्षेखेरीज काही सापडत नाही, आणि ती पुरेशी नाही हेही तोच कबूल करतो. बायको येताच तो सांगतो, हा विषय इथेच संपला. पुढच्या पन्नासेक ओळींत ती त्याला फिरवते.

नाटकाचं मोल या प्रवेशात आहे. तिसरा रिचर्ड किंवा इयागो हे शेक्सपिअरचे दुसरे खलपुरुष आपल्या कारस्थानांची चव घेत बोलतात. प्रेक्षकालाही त्यांची हुशारी आवडू लागते. मॅकबेथला कशाचीच चव लागत नाही. तो फसलेला नाही, आंधळा नाही, त्याला कुणी खोटं सांगितलेलं नाही. चेटकिणींनीसुद्धा त्याला खून कर म्हणून सांगितलेलं नसतं. तू राजा होशील, एवढंच सांगितलेलं असतं. कसा, ते त्याचं त्यानं ठरवलं. सगळं स्वच्छ दिसत असताना माणूस त्यात कसा शिरतो, याचा इतका जवळून घेतलेला माग दुसऱ्या कुठल्या नाटकात सापडणं कठीण आहे.

खरा मॅकबेथ इतका वाईट नव्हता. स्कॉटलंडवर त्यानं १०४० पासून १०५७ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षं राज्य केलं. त्या काळात एवढी वर्षं गादीवर टिकणं ही साधी गोष्ट नव्हती. १०५० साली तो रोमच्या यात्रेला गेला आणि तिथे त्यानं गरिबांना सढळ हातानं पैसे वाटल्याची नोंद आहे. डंकन म्हातारा नव्हता आणि झोपेतही मेला नाही. एल्गिनजवळच्या लढाईत तो पडला. शेक्सपिअरनं ज्या होलिनशेडच्या बखरीतून गोष्ट उचलली, तीतही डंकन दुबळा राजा आहे, मॅकबेथची गादीवर सांगण्याजोगी बाजू आहे, आणि राजा झाल्यावर तो दहा वर्षं चांगले कायदे करून नीट राज्य चालवतो. नाटकात मॅकबेथचा सोबती सेनापती असलेला बँको त्याच बखरीत कटातला साथीदार आहे. झोपलेल्या पाहुण्याला मारण्याची आणि त्यासाठी बायकोनं भरीला घालण्याची गोष्टही बखरीतलीच, पण ती दुसऱ्याच राजाची, डफ नावाच्या.

शेक्सपिअरनं काय केलं? डंकनला वृद्ध आणि सज्जन केलं, दहा वर्षांची चांगली कारकीर्द गाळली, गादीवरचा हक्क गाळला, दोन खून एकत्र केले. बँकोला स्वच्छ करण्यामागचं कारण राजकीय होतं. १६०६ च्या सुमारास, जेव्हा हे नाटक लिहिलं गेलं, तेव्हा लंडनच्या गादीवर स्कॉटलंडचा जेम्स बसला होता, त्याचं घराणं बँकोपासून निघालं अशी समजूत होती, आणि शेक्सपिअरची नाटकमंडळी त्याच राजाच्या आश्रयाला होती. (बँको नावाचा माणूस मुळात होऊनच गेला नाही असं आजचे इतिहासकार मानतात, तो भाग वेगळा.) बाकीचे बदल मात्र राजाला खूश करण्यासाठी केलेले दिसत नाहीत. मॅकबेथच्या बाजूनं वकिलाला बोलता येईल असं जे जे काही बखरीत होतं ते नाटककारानं एकेक करून काढून टाकलं. मग उरलेल्या निराधार माणसाच्या तोंडी त्यानं नाटकातली सर्वांत सुंदर भाषा घातली. दोष सगळा त्याचा आणि शब्दही सगळे त्याचेच, असा हा पेच आहे. वाचकाला त्याची कड घेता येत नाही आणि त्याच्यापासून दूरही होता येत नाही.

त्या वर्षांतलं लंडन धास्तावलेलं होतं. ५ नोव्हेंबर १६०५ ला पार्लमेंटच्या तळघरात बंदुकीच्या दारूची छत्तीस पिंपं सापडली. राजा, राजपुत्र, उमराव एका स्फोटात उडवायचे, असा तो बेत होता. पुढच्या वर्षी मे महिन्यात हेन्री गार्नेट या जेझुइट धर्मगुरूला त्या कटापायी फाशी झाली. शपथेवर बोलताना दुहेरी अर्थाची उत्तरं देऊन सत्य लपवण्याचा मार्ग त्यानं समर्थनीय मानला होता, आणि त्याबद्दल लंडनकर संतापले होते. खुनानंतर दार उघडायला येणारा दारुडा पहारेकरी आपण नरकाचे द्वारपाल आहोत अशी कल्पना करतो आणि अशाच एका दुतोंड्याला आत घेतो, तेव्हा पहिल्या प्रेक्षकांना कुणाची आठवण झाली असेल हे सांगायला नको. जेम्स राजानं तर १५९७ साली चेटकिणींवर पुस्तकच लिहिलं होतं. ही सगळी माहिती टीपांत मिळते. पहिल्या वाचनात ती नसली तरी अडत नाही.

त्या दारावरच्या थापांपाशी मात्र थांबायला हवं. खून नुकताच झालेला, दोघांचे हात ओले, आणि वाड्याच्या दारावर कुणीतरी ठोठावतं आहे. थॉमस डी क्विन्सी या निबंधकाराला लहानपणापासून या थापांनी विलक्षण अस्वस्थ केलं होतं, आणि का, ते कळत नव्हतं. १८११ साली लंडनच्या रॅटक्लिफ हायवेवर एका दुकानदाराच्या घरात सगळ्यांचे खून पडले. बाहेर पाठवलेली मोलकरीण परत आली आणि दार ठोठावत राहिली. नाटकातली गोष्ट खऱ्या आयुष्यात घडलेली पाहून डी क्विन्सीला आपल्या कोड्याचा धागा सापडला आणि १८२३ साली त्यानं त्यावर एक छोटा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खुनाच्या वेळी नेहमीचं माणसांचं जग बंद पडलेलं असतं, आणि ती थाप ऐकू येते तेव्हा ते पुन्हा सुरू झाल्याचं कळतं.

खरंच आहे. पण त्यात एक भर घालायला हवी. थाप ऐकू येते तेव्हा वाचक दाराच्या कुठल्या बाजूला असतो? आत असतो. हात धुवा, झग्यावर काही दिसतंय का बघा, झोपेतून उठल्यासारखे दिसा, अशी त्याचीच घाई चाललेली असते. बाहेर उभा असलेला मॅकडफ निरपराध, सज्जन माणूस आहे, आणि त्या क्षणी तोच नकोसा वाटतो. नीतिपाठ देणाऱ्या नाटकाला हे परवडलं नसतं.

शेक्सपिअरच्या शोकान्तिकांत एकमेकांना खरोखर ओळखणारं, एकमेकांवर जीव असलेलं दांपत्य शोधायला गेलं तर हेच खुनी जोडपं हाती लागतं. हॅम्लेटच्या आईचं दुसरं लग्न संशयात बुडालेलं, ऑथेल्लोचं काही दिवसांत उद्ध्वस्त झालेलं. इथे मात्र नवरा रणांगणावरून पहिलं पत्र बायकोला लिहितो, आणि ते वाचून ती ज्या पहिल्या गोष्टीची काळजी करते ती म्हणजे त्याचा मऊ स्वभाव. कठोरपणाचा आव ती आणते, पण त्याला फट आहे. झोपलेला राजा आपल्या वडिलांसारखा दिसला नसता तर काम आपणच उरकलं असतं, असं ती बोलून जाते. पुढे बँकोला मारायचं ठरतं तेव्हा नवरा तिला विश्वासात घेत नाही. लाडानं सांगतो, तू जाणूनच घेऊ नकोस, झाल्यावर शाबासकी दे. प्रेमानं बोललेलं वाक्य आहे, आणि तिथेच त्यांचा संसार संपतो. मेजवानीत त्याला बँकोचं भूत दिसतं तेव्हा ती शेवटची त्याच्या मदतीला धावते. पाहुणे पांगल्यावर दोघं थकून चार शब्द बोलतात. त्यानंतर ते दोघं एकत्र रंगमंचावर येतच नाहीत.

ती पुन्हा दिसते ती पाचव्या अंकाच्या आरंभी, झोपेत चालताना. सगळ्या नाटकात छंदात बोललेली ही बाई इथे गद्यात, तुटक बोलते. आधीच्या सगळ्या रात्री एकात एक मिसळलेल्या. तिच्या उशाशी सतत दिवा हवा असतो, हे दासी डॉक्टरला सांगते. सायमन फोर्मन या ज्योतिषी-वैद्यानं १६११ साली ग्लोब नाट्यगृहात हे नाटक पाहून आपल्या वहीत टिपण केलं, त्यात हातांवरचं न निघणारं रक्त आणि ही झोपेत चालणारी राणी दोन्ही आहेत. सारा सिडन्स १७८५ साली लंडनच्या ड्रुरी लेनमध्ये लेडी मॅकबेथ म्हणून उभी राहिली, तेव्हा तिनं ठरवलं की हात चोळायचे तर मेणबत्ती खाली ठेवायला हवी. तिच्याआधीची प्रसिद्ध नटी मेणबत्ती हातातच धरायची. नाट्यगृहाचा चालक शेरिडन ऐन वेळी रंगपटात आला आणि असा धाडसी बदल करू नकोस म्हणून विनवू लागला. तिनं ऐकलं नाही. त्या प्रयोगानंतर शेरिडनलाच तिचं अभिनंदन करावं लागलं.

राजा झाल्याचा आनंद मॅकबेथला कधी होतो? नाटकात हुडकून पाहावं. राज्याभिषेक स्कोनला, पडद्याआड होतो. दरबार, न्यायनिवाडा, प्रजा, कारभार यांतलं काहीच शेक्सपिअर दाखवत नाही. पाच अंकांतल्या दुसऱ्याच अंकात डंकन संपतो आणि उरलेला अर्ध्याहून जास्त भाग मिळवलेलं टिकवण्यात जातो. शेक्सपिअरची ही सर्वांत छोटी शोकान्तिका आहे, सुमारे एकवीसशे ओळींची. ‘हॅम्लेट’ जवळजवळ दुप्पट. एवढ्या तुटपुंज्या जागेत नाटककारानं मुकुटाच्या सुखाला एक प्रवेशही दिलेला नाही.

अब्राहम लिंकनला हे नाटक फार प्रिय होतं. ‘मॅकबेथ’च्या तोडीचं दुसरं काही नाही, असं त्यानं ऑगस्ट १८६३ मध्ये हॅकेट नावाच्या नटाला पत्रातून कळवलं होतं. यादवी युद्ध संपत आलेलं असताना, ९ एप्रिल १८६५ ला तो ‘रिव्हर क्वीन’ या बोटीनं वॉशिंग्टनला परतत होता. बरोबरच्या मंडळींना त्यानं शेक्सपिअर वाचून दाखवला. डंकन कबरीत स्वस्थ झोपला आहे, त्याला आता कुणी काही करू शकत नाही, असं मॅकबेथ हेव्यानं म्हणतो, त्या ओळींपाशी तो थांबला. मारेकऱ्याला मेलेल्या माणसाच्या झोपेचा हेवा वाटतो, हे किती खरं आहे ते त्यानं समजावून सांगितलं आणि तो उतारा पुन्हा वाचला. बोटीवरच्या एका फ्रेंच सरदारानं ही आठवण नोंदवली आहे. पाच दिवसांनी नाट्यगृहात लिंकनला गोळी लागली, म्हणून या प्रसंगाला पुढे भविष्यवाणीचा रंग दिला जातो. त्याची गरज नाही. चार वर्षं लाखो माणसांच्या मृत्यूचे हुकूम ज्याच्या सहीनं निघाले त्या माणसाला नेमक्या कोणत्या ओळी परत वाचाव्याशा वाटल्या, एवढंच पुरेसं बोलकं आहे.

नाटक निर्दोष नाही. हेकटी या चेटूकदेवतेचे प्रवेश कच्चे आहेत. त्यांतली गाणी मिडलटन या दुसऱ्या नाटककाराची असल्याचं बहुतेक अभ्यासक मानतात. चौथ्या अंकातला इंग्लंडमधला प्रवेश, ज्यात डंकनचा मुलगा माल्कम आपण किती दुर्गुणी आहोत हे खोटंखोटं सांगून मॅकडफची परीक्षा घेतो, तो लांबतो, आणि बहुतेक दिग्दर्शक त्याला कात्री लावतात. वाचकानं मात्र तो गाळू नये, कारण त्याच्या शेवटी मॅकडफला बायकोमुलांच्या कत्तलीची बातमी कळते. मर्दासारखं तोंड दे, असं माल्कम म्हणतो. मॅकडफचं उत्तर असं, की ते करीनच, पण आधी माणसासारखं दुःखही व्हायला हवं. मर्दानगीचा टोमणा मारून बायकोनं मॅकबेथला फिरवलं होतं, तोच टोमणा त्यानं पुढे भाडोत्री मारेकऱ्यांना मारला होता. साऱ्या नाटकात त्या टोमण्याला नीट उत्तर देणारा माणूस हा एवढाच.

मराठीत या नाटकाची वाट जुनी आहे. ‘काळ’कर्ते शि. म. परांजपे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ‘मानाजीराव’ या नावानं त्याचं रूपांतर केलं. वि. वा. शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ १९५४ साली हर्बर्ट मार्शल या इंग्रज दिग्दर्शकानं बसवलं, आणि त्यात नानासाहेब फाटक आणि दुर्गा खोटे होते. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तल्या (१९०९) राघोबादादा आणि आनंदीबाईंवर तर मॅकबेथ दांपत्याची सावली असल्याचं समीक्षक सांगत आले आहेत. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात राघोबादादांच्या पुतण्याचा, अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा, खून झाला. आनंदीबाईंनी हुकुमातलं एक अक्षर फिरवलं ही गोष्ट घरोघर ठाऊक आहे, मात्र तिला भक्कम पुरावा नाही. मॅकबेथची खरी राणी ग्रूओख. तिनं नवऱ्याला खुनाला प्रवृत्त केल्याचाही पुरावा नाही, आणि नाटकात तिला स्वतःचं नावसुद्धा मिळालेलं नाही. पुरुषाच्या अपराधाचा अर्धा वाटा बाईच्या पदरात टाकण्याची रीत दोन्हीकडे सारखीच.

फरक आहे तो न्यायाधीश रामशास्त्र्यांचा. ‘भाऊबंदकी’ पाहिलेला माणूस ‘मॅकबेथ’ वाचायला बसला तर त्याला एक जागा रिकामी दिसेल. पेशव्याला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा कुणी स्कॉटलंडच्या दरबारात नाही. बँकोला पुरता संशय आहे, पण चेटकिणींनी त्याच्याही वंशाला गादी सांगितली आहे, म्हणून तो गप्प बसतो आणि मेजवानीचं निमंत्रण स्वीकारतो. मॅकडफ राज्याभिषेकाला न जाता घरी फाइफला जातो. निषेध झाला तो एवढाच. बाकीचे उमराव माना डोलावतात, अन् सगळं हाताबाहेर गेल्यावर एकमेकांशी आडून, उपरोधानं बोलू लागतात. खून करणारा एक, आणि तो कळूनही जेवायला बसणारे अनेक. नाटकाचा हा भाग गाइडांत सहसा येत नाही.

विशाल भारद्वाजचा ‘मक्बूल’ (२००३) ज्यांनी पाहिला आहे त्यांनाही मूळ नाटक वाचताना बरंच नवं सापडेल. मुंबईच्या गुन्हेगारी जगात चेटकिणींच्या जागी दोन पोलीस येतात, नाटकाच्या शेवटी चालून येणाऱ्या अरण्याच्या जागी समुद्र, आणि डंकनच्या जागच्या म्हाताऱ्या अब्बाजीनं लेडी मॅकबेथच्या जागची बाई ठेवलेली असते. म्हणजे सिनेमानं खुनाला पुन्हा कारण दिलं, प्रेमाचं. शेक्सपिअरनं कारणं काढून घेतली होती. सिनेमा उत्तम आहे, पण मूळ नाटक त्याच्यापेक्षा निर्दय आहे.

तेव्हा वाचायचं असेल तर हे करून पाहावं. इंग्रजी जड जात असेल तर आधी ‘राजमुकुट’ मिळवावं, नसेल तर टीपा असलेली कुठलीही शालेय आवृत्ती घ्यावी. पहिल्या फेरीत टीपा वाचू नयेत. एका बैठकीत, फार तर तीन तासांत, नाटक संपतं. मग घरातल्या कुणाला तरी समोर बसवून दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश दोघांनी मोठ्यानं वाचावा, अगदी अडखळत वाचला तरी चालेल. जेमतेम सत्तरेक ओळी आहेत.